अर्धं डोकं काळं

अमरावती ते अकोला या रस्त्याच्या दोन्ही कडांना उगवणारं प्रत्येक तण नावानिशी ओळखणाऱ्या, पण आरशातला स्वतःचा चेहरा मात्र ओळखीचा नसलेल्या बाई त्रिभुवनात एकच झाल्या, आणि त्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. त्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. तशा आमच्या स्टाफरूममध्ये मॅडम पुष्कळ होत्या. इंग्रजीच्या मॅडम, अर्थशास्त्राच्या मॅडम, लायब्ररीच्या मॅडम. पण पुढे-मागे काहीही न लावता कोणी "मॅडम कुठं आहेत?" असं विचारलं, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत. मॅडम बहुधा कंपाउंडच्या भिंतीपाशी उकिडव्या बसलेल्या असायच्या. एका हातात भिंग, आणि दुसऱ्या हातात आम्ही बाकीचे लोक सकाळी चपलेखाली तुडवून आत आलेलो असू असं एखादं रोपटं. मी मराठी शिकवायचो, म्हणजे फुलापानांवरच्या कविता शिकवायचो. त्या कवितांमधली निम्मी फुलं मी पाहिलेली नाहीत हे मॅडमनी पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगितलं. आमची ओळख झाली ती अशी.

मॅडम उंच, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. केस एकतिसाव्या वर्षीच पांढरेशुभ्र झालेले. त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्यांना समजतच नसे की हा माणूस कशाबद्दल हळहळतो आहे. "आमच्या तेल्हाऱ्याच्या घरात साऱ्यायचे असेच होते," त्या सांगत. "माह्या बापाचे तं त्याच्याबी आधी झाले. अकोटले जिनिंगात कामाले होते ना, लोकायले वाटे कापूसच चिकटून राह्यला." साडीखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, कारण त्यांच्या मते कोणतीही पाहण्यासारखी वनस्पती सँडल घालून पोचता येईल अशा जागी उगवत नाही. खांद्याला एक झोळा. त्यात वर्तमानपत्रं, कात्री, सुतळी, भिंग आणि कुठेतरी तळाशी जेवणाचा डबा. बायकांच्या खोलीत एक मोठा आरसा होता. मॅडमना पावसाळी तणांचा तक्ता लावायला दुसरी सपाट जागा सापडेना, तेव्हा त्यांनी तो त्या आरशावरच चिकटवला. इंग्रजीच्या तरुण मॅडम त्यानंतर रुजू झाल्या, त्या पहिल्या दिवसापासून टाकळा आणि केना यांच्या मधल्या फटीत बघून टिकली लावत होत्या.

राहायला त्या अकोल्याला. यजमान तिथे बँकेत, मुलगी शाळेत, आणि मॅडम रोज सकाळी एसटीनं अमरावतीला. या मार्गावरचे कंडक्टर बदलत, पण प्रत्येक नव्या कंडक्टरला जुना जाताना मॅडमबद्दल दोन गोष्टी सांगून जात असावा: एक, या बाईंना खिडकीच लागते, दोन, मूर्तिजापूरच्या अलीकडे त्या ओरडतील, घाबरू नये. मी एकदा त्यांच्यासोबत त्या गाडीत होतो. मॅडम माझ्याशी परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलत होत्या आणि बोलता बोलता अचानक उभ्या राहून म्हणाल्या, "थांबवा हो भाऊ! फुलावर आलं!" ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला वाटलं कोणी गाडीखाली आलं, त्यानं हात जोडले. मॅडम उतरल्या, नाल्यात गेल्या, आणि तीन मिनिटांत एक खुरटं, कसल्याच रंगाचं नसलेलं झाड घेऊन परत आल्या. कंडक्टरनं फक्त डबल बेल दिली आणि मॅडमच्या हातातली कात्री त्या बसेपर्यंत आदरानं धरून ठेवली.

शिकवत त्या सरळ आपल्या बोलीत. "पानाले भोकं कावून असते? तुले नाकाले कावून आहेत, म्हणून!" अशा पद्धतीनं त्यांनी एका संपूर्ण पिढीच्या डोक्यात पर्णरंध्रं बसवली. एकदा मागच्या बाकावरचा एक बहाद्दर हळूच म्हणाला, "मॅडम आजी दिसते बे." मॅडमनी खडू खाली ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतो ना. मंग नातवासारखा पुढं येऊन बस, अन् या फुलाची आकृती काढ. आजीले दुरून दिसत नाही." तो पोरगा पुढे एमएस्सी झाला आणि अजून त्यांना बियाणं पाठवतो. सहकाऱ्यांचंही त्यांनी कुळांप्रमाणे वर्गीकरण करून ठेवलं होतं. प्राचार्य बांडगूळ होते, पण यात अपमान नव्हता. बांडगुळाचं फूल फार देखणं असतं, असं त्या प्राचार्यांनाच समजावून सांगत. मी आघाडा होतो, कारण मी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याला चिकटतो. हे खरं होतं.

आता एक कोरडी माहिती द्यायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मॅडम आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितक्या तासिका घेतल्या तितकं मानधन, उन्हाळा लागला की नोकरी संपली, आणि पावसाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. माझ्यासारख्या कायम माणसाची एकदाच मुलाखत झाली होती आणि तीही मी विसरलो होतो. मॅडमच्या आमच्याच कॉलेजात अठरा झाल्या. वनस्पतिशास्त्राची कायम जागा रिकामी होती, पण भरायला परवानगी नव्हती. दरवर्षी परवानगी येणार अशी बातमी यायची आणि मॅडम दरवर्षी एक वर्षानं मोठ्या व्हायच्या.

एका वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती यायची होती. अशी समिती येते तेव्हा कॉलेजात लग्नघर होतं. भिंती रंगतात, कुंड्या भाड्यानं येतात, पुरुषांना फेटे आणि बायकांना एका रंगाच्या साड्या ठरतात. स्वागत समितीचा प्रमुख मी होतो. प्राचार्य मला म्हणाले, "गेटवर प्रसन्न चेहरे पाहिजेत, सर. तुम्ही समजदार आहात." मी समजदार होतोच. मी यादी केली. गेटवर फेटे बांधून आम्ही ज्येष्ठ प्राध्यापक, आणि ओवाळायला इंग्रजीच्या मॅडम, संगणकाच्या मॅडम आणि गृहअर्थशास्त्राच्या नव्या मॅडम ठेवल्या. अर्थशास्त्राच्या ज्येष्ठ मॅडमना मी रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. आमच्या मॅडमना जिना क्रमांक दोनवर नेमलं. हा जिना मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ आहे आणि त्यावरून टाकी धुणाऱ्याशिवाय कोणी जात नाही.

यादी लागली तेव्हा मॅडम ती बराच वेळ वाचत उभ्या होत्या. मग माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं न जुळणारं पान हातात असावं तसं कुतूहल होतं. "सर, एक विचारतो. पुरुषायच्या लाइनीत सारे पेन्शनीले टेकलेले, अन् बायायच्या लाइनीत साऱ्या पोरी. हे कोणतं वर्गीकरण आहे?" मी म्हणालो, तसं काही नाही, वरून आलं आहे. "वरून आलं असन. पण अक्षर तुमचं आहे," त्या म्हणाल्या, आणि तासाला निघून गेल्या. मी फेट्यासाठी डोक्याचं माप द्यायला गेलो. माझं डोकं तेव्हा पूर्ण तुळतुळीत होतं, पोट बरंच पुढे आलं होतं आणि मिशीला मी दर रविवारी कलप लावत होतो. अख्ख्या नोकरीत यातल्या कशाबद्दलही कोणत्याही समितीत चर्चा झाली नाही. पोटाला तर संस्थेत 'व्यक्तिमत्त्व' म्हणत.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या कॉलेजात समितीला दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे मॅडमनी वाळवून, दाबून, नावं लिहून ठेवलेल्या वनस्पतींची चार कपाटं. मेळघाटापासून बाळापूरच्या किल्ल्याच्या भिंतीपर्यंतचं सगळं त्यात होतं. ती कपाटं समितीला दाखवायचं काम प्राचार्यांनी इंग्रजीच्या मॅडमना दिलं, कारण त्या 'प्रेझेंटेबल' होत्या. ती बिचारी मुलगी रडकुंडीला आली. तिला कोथिंबीर आणि गाजरगवत यांत फरक सांगता आला नसता. तेव्हा मॅडमनीच तिला आदल्या दिवशी जिना क्रमांक दोनवर बसवून सगळी लॅटिन नावं देवनागरीत लिहून दिली आणि लहान मुलांकडून पाढे घ्यावेत तशी म्हणवून घेतली. मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यांनी मधेच काही विचारलं तर?" मॅडम म्हणाल्या, "हसजो. तुले त्याच्यासाठीच तं उभं करून राह्यले." मग लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुह्यी चूक नाही माय. तुले बी एक दिवस या जिन्यावर यायचं आहे." दुसऱ्या दिवशी मॅडम सकाळपासून पाच वाजेपर्यंत त्या जिन्यावर उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही. संध्याकाळी भेटल्या तेव्हा खुशीत होत्या. टाकीच्या ओलीवर त्यांना एक नेचा सापडला होता. कपाटांबद्दल समितीनं लेखी कौतुक केलं.

आणि मग एका पावसाळ्यात खरंच परवानगी आली. कायम जागेची जाहिरात निघाली. जाहिरातीत वयाची अट नव्हती. ती अट कुठे असते हे प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून सांगितलं. "संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा मॅडमना विरोध नाही. पण ते म्हणतात, सायन्सला पोरं येत नाहीत, जरा फ्रेश चेहरा पाहिजे. तुम्ही मॅडमच्या जवळचे. त्यांना केसांचं वगैरे काही सुचवा ना." ही जागा गेली तर मॅडमचं सगळंच जाणार, हे मला माहीत होतं. कायम माणूस आला की तासिका त्याच्याकडे जातात. तासिकावाल्याला त्या दिवसापासून कॉलेजात काम उरत नाही. म्हणून मी, आघाडा, काळ्या मेंदीचं पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. बायकोनं सांगितलेली कंपनी, उत्तम रंग, वास नाही. मॅडमनी पाकीट घेतलं, उलटं केलं आणि झोळ्यातून भिंग काढून मागचा बारीक मजकूर वाचला. "यात मेंदी फार थोडी आहे, सर. बाकी सारं रसायन." मी म्हणालो, "मॅडम, एक दिवसाचा प्रश्न आहे. लावून टाका." त्यांनी विचार केला. "याच्यानं फरक पडते, असं तुमचं म्हणणं आहे ना? मंग ते तपासून पाहाले पायजे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, मी जिंकलो.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांची कागदपत्रं पुढे करण्यासाठी मी आत बसलो होतो. अध्यक्ष, प्राचार्य, बाहेरून आलेले दोन विषयतज्ज्ञ. मॅडमचं नाव पुकारलं गेलं, दार उघडलं, आणि माझ्या हातातली फाइल खाली पडली. मॅडमनी मधोमध भांग पाडला होता, शेताच्या धुऱ्यासारखा, बांधासारखा सरळ. भांगाच्या डाव्या बाजूचे सगळे केस काळेकुळकुळीत होते आणि उजव्या बाजूचे नेहमीसारखे पांढरे. साडी इस्त्रीची, बूट नवे. शांतपणे बसल्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे काय?"

"प्रयोग आहे," मॅडम म्हणाल्या. "डावीकडं मेंदी लावली, उजवीकडचा भाग कंट्रोल. केस काळे केल्यानं शिकवणं सुधारते असं कळलं. तुमी दोनी बाजूनं प्रश्न विचारा. काळ्या बाजूले जास्त येत असन, तं मी उद्या दुसरी बी बाजू करतो."

एका तज्ज्ञांना इतकं हसू आलं की त्यांनी पाणी मागवलं. मग दोन्ही तज्ज्ञांनी खरोखरच प्रश्न विचारले, आणि अर्धा तास त्या खोलीत जे वनस्पतिशास्त्र झालं ते अध्यक्षांसकट सगळे ऐकत राहिले. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत कोणतं तण कापसाच्या आधी उगवतं आणि का, हे मॅडम हातवारे करून सांगत होत्या. तज्ज्ञ लिहून घेत होते. मला आठवतं, मला त्यांचा फार अभिमान वाटला. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला. "नॉलेजबद्दल प्रश्न नाही. पण या वयात नवीन अभ्यासक्रम, कॉम्प्युटर, पोरांचा दंगा... झेपेल?"

"साहेब, अठरा वर्षं तुमच्याच कॉलेजात झेपून राह्यलं ना," मॅडम म्हणाल्या. "तुमाले दिसलं नसन. मी मागच्या जिन्यावर राहो."

अध्यक्ष हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही रोजचे सहकारी. तुमचं काय मत? झेपेल यांना?"

मॅडम तिथेच होत्या, प्रमाणपत्रं गोळा करत होत्या. मला एकच शब्द बोलायचा होता आणि तो प्रश्नातच होता. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. तीही वर्षं गेटवरच जावीत, जिन्यावर नकोत, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात आलं असावं. मी म्हणालो, "मॅडमचा अनुभव मोठा आहे. बाकी समिती योग्य तो निर्णय घेईलच." शुद्ध मराठी वाक्य. त्यात एक चूक काढता येणार नाही. मॅडमनी मान वर करून मला पाहिलं. पान पुढून-मागून तपासावं तसं पाहिलं. मग फाइल बांधून बाहेर गेल्या.

जागा अठ्ठावीस वर्षांच्या एका मुलीला मिळाली. मुलगी हुशार होती, स्वभावानं चांगली होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिलाही त्याच खोलीत विचारलं होतं की लग्न कधी करणार आणि केल्यावर नोकरी करणार का. मॅडमनी सलग तीन दिवस तिला चारही कपाटं समजावून दिली. डांबराच्या गोळ्या कधी बदलायच्या, वाळवी कोणत्या कोपऱ्यातून येते, कोणता नमुना हाताळायचा नाही. किल्ल्या दिल्या. मग गेल्या. तासिकावाल्यांना आमच्याकडे निरोप समारंभ नसतो. ते संपतात. पुढच्या आठवड्यात शिपायानं आरशावरचा तक्ता काढला, आणि इंग्रजीच्या मॅडम मला म्हणाल्या, "सर, आरसा एवढा मोठा होता, हे मला माहीतच नव्हतं." बोलताना त्या रडत होत्या.

मला मात्र निरोप समारंभ मिळाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. प्राचार्य भाषणात म्हणाले की सरांच्या डोक्यावर ज्ञानाचं तेज आहे. लोक प्रेमानं हसले. मीही हसलो.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. परत येताना बसस्थानकावर मॅडम दिसल्या. बाकावर बसून वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळत होत्या. आता तेल्हाऱ्याला एका कॉलेजात जातात, तासिका तत्त्वावरच. "गावची हवा, सर. अन् तिकडच्या धुऱ्यावर काय काय उगवते, तुमाले कल्पना नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी सरकून जागा दिली. डब्यातली अर्धी भाकर-चटणी माझ्या हातावर ठेवली. भाचीची चौकशी केली, माझ्या शुगरची केली. नव्या मुलीचीही केली. तिला बाळ झालं आहे आणि आता प्राचार्य तिला 'जरा वजनाकडे बघा' म्हणतात, हे त्यांना माझ्या आधीच माहीत होतं. ती मुलगी त्यांना फोन करते.

तेल्हाऱ्याची गाडी लागली. मॅडमनी झोळा उचलला, आणि तेव्हा माझ्या तोंडून ते एकदाचं निघालं. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी आत मी बोलायला पाहिजे होतं."

मी थांबलो. चाळीस वर्षं मी वऱ्हाडात काढली आहेत. यापुढे काय म्हणतात मला माहीत आहे. जाऊ द्या सर, झालं गेलं, तुमी तरी काय करसान. त्या एका 'जाऊ द्या'साठी मी उभा होतो.

"हो," मॅडम म्हणाल्या. "बोलाले पायजे होतं."

आवाजात राग नव्हता. चौकशी करतानाचा त्यांचा जो आवाज होता, तोच होता. मग त्या गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि काच सरकवून मला म्हणाल्या, "पाणी पेत जा सर, शुगरवाल्यानं." गाडी निघाली. मी हात वर केला, त्यांनीही केला. माझ्या गाडीला अजून वेळ होता. हातातली भाकर तशीच होती. मी परत बाकावर बसलो आणि सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.